सातेरीची पेटी खरंच बिनराणीची झालीय का? आधी अंडी बघा, राणी नंतर

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, कारण उत्तर त्यातल्या तपशिलावरच उभं आहे. भोरच्या बाजूच्या एकांनी विचारलंय. त्यांच्याकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या आहेत, आठ फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे पोळं धरलेली चौकट). १५ दिवसांपूर्वी एका पेटीत फ्रेमच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबणारी चार-पाच घरं दिसली, कुणीतरी सांगितलं कापून टाका, त्यांनी कापली. काल पेटी उघडली तर राणी दिसेना, अंडी नाहीत, अळ्या नाहीत, फक्त दोन फ्रेमवर बंद कोष, म्हणजे झाकण लागलेली पिल्लांची घरं. माश्या कमी वाटतात आणि चिडचिड्या झाल्यात. तर नवीन राणी कुठे विकत मिळेल?

राणीचा पत्ता मी देणार नाही, निदान आज तरी नाही. एक तर मेलिफेराच्या, म्हणजे युरोपियन मधमाशीच्या, राण्या विकणारे लोक आहेत पण सातेरीची राणी अशी दुकानातून आणल्यासारखी मिळालेली मी तरी पाहिली नाही. आणि दुसरं म्हणजे तुमच्या पेटीत राणी नाही हे अजून ठरलेलंच नाहीये. राणी दिसली नाही म्हणजे राणी नाही असं होत नाही. सातेरीच्या माश्या फ्रेम उचलली की घाबरून इकडून तिकडे पळतात, खालच्या कडेला गोळा होऊन लोंबतात, त्यात राणीही पळते. मला २२ वर्षं झाली या कामात, अजूनही चारातल्या एका वेळेला राणी डोळ्यांना दिसत नाही आणि मी ती शोधतही बसत नाही. अंडी बघतो. उभं अंडं दिसलं की आजच घातलेलं, तिरपं असेल तर कालचं, आडवं झोपलेलं असेल तर परवाचं. म्हणजे तीन दिवसांत राणी इथे होती एवढं एका अंड्यावरून कळतं, तिचं तोंड बघायची गरज नाही.

अंडी बघायची पण एक पद्धत आहे आणि बरेच नवीन लोक इथेच चुकतात. सूर्य पाठीमागून खांद्यावरून यायला पाहिजे, फ्रेम थोडी तिरकी धरायची म्हणजे उजेड घराच्या तळापर्यंत जातो. ढगाळ दिवशी किंवा झाडाखालच्या सावलीत उभं राहून अंडी नाहीत असं कुणी म्हटलं तर मी ऐकूनच घेत नाही. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावा, मी लावतो. मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघितला तरी चालतं, उलट ते जास्त बरं.

आता तुमच्या दोन फ्रेमवरच्या बंद कोषांकडे येऊ, कारण खरी माहिती तिथे आहे. सातेरीत अंडं ३ दिवस, अळी साधारण ५ दिवस, मग घर बंद होतं आणि पुढे १०-११ दिवसांनी कामकरी माशी बाहेर येते. एकूण १८ ते २० दिवस धरा. मेलिफेराला २१ लागतात, म्हणून मेलिफेराच्या पुस्तकातला हिशोब जसाच्या तसा घेऊ नका. तुमच्याकडे अंडी नाहीत, उघड्या अळ्या नाहीत, म्हणजे शेवटचं अंडं पडून ८ दिवस तरी झालेत. आणि बंद कोष अजून आहेत म्हणजे २० दिवस झालेले नाहीत. तुम्ही ती शेंगेसारखी घरं पाहिली १५ दिवसांपूर्वी. बरोबर जुळतंय बघा.

ती घरं म्हणजे राणीघरं. खालच्या कडेला, चार-पाच, आणि तेही फेब्रुवारी संपताना थंडी ओसरून फुलोरा चालू होतो त्या वेळी, म्हणजे वसाहत फुटायच्या तयारीत होती, ज्याला स्वार्मिंग म्हणतात. यात जुनी राणी अर्ध्या-अधिक माश्या घेऊन निघून जाते आणि मागच्या पेटीसाठी राणीघरं ठेवून जाते. माश्या कमी वाटतात त्याचं कारण हेच असणार. साधारणपणे पहिली राणीघरं बंद व्हायच्या सुमाराला जुनी राणी निघते. म्हणजे तुम्ही कापली तेव्हा राणी एक तर आधीच गेलेली होती किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत गेली. राणी गेलेली असताना राणीघरं कापणं म्हणजे बी-बियाणं विकून नांगर घेण्यासारखं, पण तुमची एकट्याची चूक नाही, हा सल्ला सगळीकडे फुकट मिळतो. राणीघर दिसलं की आधी अंडी आहेत का बघायचं आणि मगच चाकू बाहेर काढायचा.

पण आता इथे एक चांगली गोष्ट आहे. घरं कापली त्या दिवशी पेटीत अंडी किंवा अगदी लहान अळ्या असणारच, कारण त्याच आज तुम्हाला बंद कोष म्हणून दिसतायत. राणी नाही हे कामकऱ्यांना काही तासांतच कळतं, राणीचा वास पेटीत फिरायचा थांबतो ना. मग एक-दोन दिवसांत त्या कोवळ्या अळ्या निवडून तिथल्या तिथे घर वाढवून राणीघर करायला घेतात. ही घाईची राणीघरं कडेला नसतात, पोळ्याच्या मधल्या भागात असतात आणि वर माश्यांचा थर असतो, म्हणून सुटतात. माझ्याकडूनही सुटलीत. फ्रेमवरच्या माश्या हलकेच झटकल्याशिवाय सगळी राणीघरं बघितली असं म्हणायचंच नाही.

अशी घाईची राणी अळीपासून धरली तर साधारण ११-१२ दिवसांत बाहेर पडते. म्हणजे हिशोबाने तुमच्याकडे दोन-तीन दिवसांची कुमारी राणी आत फिरत असण्याची बरीच शक्यता आहे. आणि कापताना एखादं कडेचं घर सुटलं असेल तर ती याहून आधीची, आठ-दहा दिवसांची असेल. कुमारी राणी बारीक असते, पोट लहान, पळते भयंकर, कामकरी माश्या तिला फारसा भावही देत नाहीत. ती दिसणार नाही हे धरूनच चला. ५-६ दिवसांची झाली की उडून बाहेर नरांशी मिलन करून येते, पुढे दोन-चार दिवसांनी अंडी चालू. घरातून बाहेर पडल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत १०-१२ दिवस धरा, हवा खराब असेल तर १५ सुद्धा.

म्हणून माझं मत असं की आज काहीच विकत आणायचं नाही.

मी हे मत कशावरून देतोय ते सांगतो. सुरुवातीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे अशीच पेटी होती, अंडी नाहीत, राणी नाही. एका ओळखीच्याकडून चांगली अंडी घालणारी राणी मागून आणली, छोट्या पिंजऱ्यात घालून फ्रेमच्या मध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारासमोरच्या फळीवर मेलेली, मुंग्या लागलेल्या. मला वाटलं माश्यांना आवडली नाही. पाच दिवसांनी उघडलं तर मधल्या फ्रेमवर अंडीच अंडी. आत आधीच एक होती. चांगली राणी मी स्वतःच्या हाताने मारायला नेऊन दिली आणि ज्याच्याकडून आणली त्याला तोंड दाखवायला लाज वाटली.

मग ठरवायचं कसं? पहिलं, आजच्या आज जाऊन माश्या झटकून दोन्ही बाजू नीट बघा, रिकामी राणीघरं सापडतात का. राणी नीट बाहेर पडली असेल तर घराचं टोक गोल कापलेलं दिसतं, कधीकधी ते झाकण डब्याच्या झाकणासारखं एका बाजूला लटकत असतं. घर कुशीतून फोडलेलं दिसलं तर ती राणी आत असतानाच दुसऱ्या राणीने किंवा कामकऱ्यांनी संपवलेली, पण त्यावरूनही एखादी राणी फिरतेय असा अंदाज येतो. दुसरं म्हणजे मधल्या फ्रेमवरची रिकामी घरं बघा. राणी आहे आणि अंडी घालायची वेळ जवळ आलीय तेव्हा कामकऱ्या मधला भाग घासून-पुसून ठेवतात, घरं आतून चकाकतात, शेणाने सारवलेल्या अंगणासारखी नीटनेटकी, आणि मध-परागकण त्याच्या कडेने असतात. राणीचा पत्ताच नसेल तर ही शिस्त मोडते, जिथे जागा दिसेल तिथे मधल्या भागातही पाक भरून टाकतात.

आवाजावरून पण कळतं, पण सवयीने. सातेरीची पेटी बोटाने टकटकवली की आतून एक 'श्श्श' असा फुत्कार येतो आणि लगेच थांबतो, सगळ्या मिळून एकदम पंख हलवतात तो आवाज. राणी नसलेल्या पेटीत तो आवाज थांबत नाही, रडका, लांबत जाणारा घुमघुम राहतो. झाकण उघडल्यावर तर जास्तच. तुमच्याकडे दोन पेट्या आहेत, एकीला टकटक करा मग दुसरीला, फरक ऐकू येतो का बघा. पण नुसत्या आवाजावर निर्णय घेऊ नका. परागकण आणणं बंद झालंय का हे पण लोक बघायला सांगतात, मी त्याला फार मान देत नाही, बिनराणीच्या पेटीतही माश्या परागकण आणताना बघितल्यात.

खात्रीची परीक्षा एकच. दुसऱ्या पेटीतली एक फ्रेम, जिच्यावर अंडी आणि अगदी कोवळ्या, तळाशी पांढऱ्या दुधात स्वल्पविरामासारख्या पडलेल्या अळ्या आहेत, ती या पेटीच्या मधोमध द्यायची. देताना तिच्यावरच्या माश्या त्यांच्याच पेटीत झटकायच्या आणि दुसऱ्या पेटीची राणी चुकून बरोबर येत नाहीये ना हे दोनदा बघायचं, हे शंभरदा सांगूनही होतं. फ्रेमवर तारीख लिहायची. तिसऱ्या दिवशी उघडायचं. राणीघरं करायला घेतली असतील, म्हणजे एखाद-दुसऱ्या अळीचं घर ओढून खाली वळवलेलं दिसलं, तर राणी नाही, विषय संपला. काहीच केलं नसेल आणि अळ्या साध्या पद्धतीने वाढवतायत तर आत राणी आहे, गप्प बसायचं, आणखी आठ-दहा दिवस पेटीला हात लावायचा नाही. मिलनाच्या काळात रोज दुपारी पेटी उघडून बघणारे लोक स्वतःच राणी घालवतात, कारण ती परत येते तेव्हा पेटीचं तोंड बदललेलं, झाकण बाजूला, माणूस समोर उभा. आणि बाहेर वेडा राघू आणि कोतवाल तारेवर बसलेलेच असतात, एखादी राणी त्यांच्या तोंडी गेली तर त्याला इलाज नाही.

ही फ्रेम देण्याचा दुसराही फायदा आहे, राणी असो वा नसो. उघड्या अळ्या पेटीत असल्या की कामकऱ्या ताळ्यावर राहतात आणि स्वतः अंडी घालायला लागत नाहीत. हा मुद्दा सातेरीत फार महत्त्वाचा आहे. मेलिफेरात राणी गेल्यापासून कामकरी अंडी घालायला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, सातेरीत हे फार लवकर होतं, मी आठ-दहा दिवसांत झालेलं बघितलंय. म्हणून सातेरीवाल्याने वाट बघत महिना घालवायचा नसतो.

कामकरीने अंडी घातलीत हे कसं ओळखायचं? एका घरात दोन-तीन-पाच अंडी, काही तर घराच्या भिंतीला चिकटलेली, कारण कामकरीचं पोट राणीइतकं लांब नसतं, तळापर्यंत पोहोचत नाही. इथे एक सांभाळा, नवी राणी पहिल्या दोन-चार दिवसांत कधी एका घरात दोन अंडी घालते पण ती तळाच्या मध्यावर असतात, भिंतीला नाही, आणि मग आपोआप सुधारते. पुढे कामकरीच्या अंड्यांतून फक्त नर होतात, बिनफळाची अंडी ती. कामकरीच्या छोट्या घरात नर मावत नाही म्हणून झाकण बंदुकीच्या गोळीसारखं फुगून वर येतं, आणि सातेरीच्या नराच्या झाकणाला टोकाला बारीक भोक असतं, सुईने टोचल्यासारखं. विखुरलेली, फुगलेली, भोकाची झाकणं कामकरीच्या घरांवर दिसली की पुढचं सगळं समजायचं.

अशा पेटीला राणी देऊन बघायचा मोह आवरा. श्रावणात एकदा मी अशा पेटीला ओळीने तीन चांगल्या फ्रेम दिल्या, एका राणीघरासकट, सगळं वाया. राणीघर कुरतडून टाकलं. पेटी दूर नेऊन माश्या जमिनीवर झटकल्या की अंडी घालणाऱ्या उडून परत येत नाहीत असं सांगतात, माझ्या अनुभवात त्या मजेत परत येतात. मेलिफेराच्या मोठ्या वसाहतीत दर आठवड्याला उघड्या अळ्यांची फ्रेम देत तीन आठवडे काढले तर सुधारतात, सातेरीत एवढ्या माश्याच उरत नाहीत. सरळ जोरदार पेटीत मिसळून टाका.

आता समजा तुमच्या परीक्षेत राणी नाही असं निघालं. त्यांनी ओढलेल्या राणीघरांवरच सोडायचं का? हिशोब करा. १२ दिवसांनी राणी, १२ दिवसांनी अंडी, मग २० दिवसांनी पहिली नवी माशी. सव्वा-दीड महिना झाला. आत्ताच्या माश्या तोवर म्हाताऱ्या होऊन गळणार. चार-पाच फ्रेम माश्यांनी गच्च असतील आणि दुसऱ्या पेटीतून मधे एक-दोन बंद कोषांच्या फ्रेम देता येत असतील तर खुशाल करू द्या, तुमच्याकडे आत्ता जांभळाचा मोहोर येतोय, पाठोपाठ हिरडा, नरही हवेत भरपूर आहेत, वर्षातला सगळ्यात बरा काळ आहे. हाच प्रश्न जुलैमध्ये विचारला असता तर मी दुसरं उत्तर दिलं असतं. घाटावरच्या पावसात ना नर असतात ना राणीला उडायला दोन तास ऊन मिळतं, तेव्हा राणी गेली तर मिसळणे एवढाच मार्ग.

त्याहून बरा उपाय म्हणजे कुणाकडून तयार राणीघर मिळालं तर. सध्या अनेकांच्या पेट्या फुटायच्या तयारीत असणार, तुम्ही ज्यासाठी चाकू वापरला ते दुसऱ्याकडे फुकट आहे. पिकलेलं घर घ्या, टोकावरचं मेण कामकऱ्यांनी खरवडून टोक तपकिरी दिसायला लागलेलं, म्हणजे एक-दोन दिवसांत राणी बाहेर. आजूबाजूचं थोडं पोळं ठेवून कापायचं, टोक कायम खाली, हलवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, आणि इकडच्या फ्रेमला काडीने टोचून लावायचं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिकडे घरोघरी पेट्या, तिथे हे काम शेजारच्या ओसरीवर होतं. तुम्हाला एकट्याला दोन पेट्यांवर हे अवघड जातं, म्हणूनच मी नवीन माणसाला दोन नाही तर तीन-चार पेट्यांनी सुरुवात करा म्हणतो. बाहेरून फ्रेम किंवा राणीघर आणताना त्या पेटीतल्या अळ्या बघून घ्या. पाण्याच्या पिशवीसारख्या झालेल्या, डोकं वर करून मेलेल्या अळ्या दिसल्या तर तिथून काही आणू नका, ती थाई सॅकब्रूडची खूण. १९९१-९२ नंतर दक्षिणेत या रोगाने सातेरीची काय दशा केली ते जुन्या मधपाळांना विचारा.

आणि माश्या दोन फ्रेमवर आल्या असतील तर राणीच्या मागे लागू नका, मिसळा. पेट्या लांब असतील तर रोज दोन-तीन फूट सरकवत जवळ आणायच्या. संध्याकाळी, माश्या घरी आल्यावर, राणीच्या पेटीचं झाकण काढायचं, वर वर्तमानपत्राचा एक कागद, टाचणीने आठ-दहा भोकं, थोडा साखरेचा पाक शिंपडायचा आणि त्यावर बिनराणीच्या पेटीचा खोका तळाची फळी काढून ठेवायचा. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो, भांडण होत नाही. तीन दिवसांनी उघडायचं, दाराशी कागदाचा चुरा पडलेला दिसतोच. पुढे दीड-दोन महिन्यांत हीच पेटी जोर धरली की परत दोन करता येतात.

मधल्या काळात एक काम विसरू नका, माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी पेटीत ठेवू नका. बिनराणीच्या पेटीत पहिला पाहुणा मेणकिडा, जाळं धरलं की सातेरी राहतच नाही. दार छोटं करा, स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे का बघा, मुंगळे कमजोर पेटी बरोबर ओळखतात.

तर क्रम असा: आज ऊन असताना राणीघरांचे अवशेष आणि घासलेली घरं बघणे, दुसऱ्या पेटीत उघड्या पिल्लांच्या तीन फ्रेम तरी असतील तर त्यातली एक देणे, तेवढ्या नसतील तर एका फ्रेमचा तळहाताएवढा तुकडा कापून दोऱ्याने रिकाम्या फ्रेमला बांधून दिला तरी परीक्षा होते, फक्त अंडी वरखाली उलटी करू नका. तिसऱ्या दिवशी काय दिसतं ते इथेच लिहा, फोटो टाकणार असाल तर फ्रेमवरच्या माश्या झटकून आणि सूर्य पाठीमागे ठेवून काढा, मागच्या वेळच्या फोटोत तुमचा अंगठाच जास्त दिसतोय.